मास्तरांचा पिस्ता रंग

"नोकरी इच्छापोरले अन् खोली डिंडोलीमां? कसाले?"

मास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेलो होतो आणि ते खाली ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी खरं ते सांगितलं. मी पारोळ्याकडचा, इथे गुजरातेतही या भागात आपली माणसं आहेत, भाकरी मिळते, घरची बोली कानावर पडते. म्हणून कामाला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं तरी चालेल. त्यांनी मान हलवली. आठ दिवसांनी सामान घेऊन राहायला आलो, तर तोच प्रश्न पुन्हा. मला वाटलं विसरले असतील. मी म्हणालो, एका मित्राने ही खोली सुचवली. त्याबरोबर त्यांचं बोट वर झालं.

"त्या दिनले भाकर सांगी व्हती. आज दोस्त सांगस. दोन्ही एक लॉटना नहीत."

ही त्यांची पद्धत होती. एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या दिवशी विचारायची आणि दोन्ही उत्तरं मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून बघायची. दूधवाला, पोस्टमन, शेजारचे काका, सख्खा जावई, कोणीच यातून सुटलेलं नव्हतं. रिक्षात बसताना ते एक ठिकाण सांगायचे आणि अर्ध्या वाटेत दुसरं. रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर काही बदल होतो का बघायला. भाजीवालीने कोथिंबीर जास्त घातली तर घरी येऊन ती जुडी सोडून काडी काडी तपासायचे.

नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळेतले मास्तर नव्हेत. पलसाण्याला हायवेलगतच्या एका डाइंग मिलमध्ये ते रंगांचे मास्तर होते. व्यापारी साडीच्या कापडाचा चिंधीएवढा तुकडा आणून द्यायचा आणि हजारो मीटर कापडावर नेमकी तीच शेड उतरवायची, हे त्यांचं काम. तीसेक वर्षं केलं. मी पहिल्यांदा ओट्यावर उभा होतो तेव्हाच त्यांनी माझा शर्ट उन्हात धरून सांगितलं होतं की डावी बाही वेगळ्या लॉटमधली, म्हणजे वेगळ्या खेपेत रंगवलेल्या कापडाची आहे. मला काही दिसलं नाही. पुढे एका शिंप्याला विचारलं, तर त्याने बराच वेळ निरखून मान डोलावली. तेव्हापासून मी मास्तरांना मनातून मानत होतो, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर त्या माणसाचा जाच मी तीन वर्षं सोसला नसता.

मी राहायला गेलो त्याआधी काही महिने त्यांची मिल सुटली होती. सुटली म्हणजे काय, यावर गल्लीत दोन मतं. शेजारचे काका म्हणायचे, एक अख्खा लॉट चुकीच्या रंगाचा निघाला आणि शेठने हात जोडून सांगितलं, मास्तर, आता घरी आराम करा. मास्तर म्हणायचे, कोणीतरी रंगाच्या डब्यात रंग मिसळला, आपल्याला डावाने काढलं. शेठच्या पुतण्याला जागा पाहिजे होती, स्टोअरचा माणूस फितूर होता, असं बरंच. खरं सांगायचं तर त्या वेळी मला दोन्हींचा संशय यायचा. काहीजण कुजबुजायचे की मास्तरांनीच चिडून लॉट बिघडवला. माणूस इतका कडू होता की मला तेही शक्य वाटायचं.

आणि मग ओट्यावरची ती स्कूटर. तिच्यावर कायम एक जुनी चादर आणि चादरीवर साखळी. मला पहिले दोन महिने वाटायचं, ही चोरीची असणार. कारण मी जवळून गेलो की मास्तर वर्तमानपत्र खाली करायचे आणि मी लांब जाईपर्यंत वर घ्यायचे नाहीत. शेवटी एकदा जिजींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला सांगितलं की गाडी त्यांचीच. लग्नानंतर चार वर्षांनी घेतलेली. याच गाडीवरून मास्तर रोज पलसाण्याला जायचे. गेटच्या आत, नळाशेजारी, ती उभी असायची. पिस्ता रंगाची. त्या रंगाची दुसरी गाडी मिलमध्ये नव्हती, त्यामुळे गाडी दिसली की मास्तर आलेत हे सगळ्यांना कळायचं.

आता ती गंजली होती. मास्तरांनी ती पुन्हा उभी करायला घेतली होती आणि त्यामागचा हेतू त्यांनी मला एका रविवारी सांगितला. आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून.

"हाई गाडी जशी व्हती तशी रंगावसू. तोच पिस्ता. कंपनीना डबा नही, मना हातना रंग. अन् मग शेठपुढे लई जासू. त्यानी वीस वरीस देखेल शे. तो सांगी, मना डोया शाबूत शे का नही."

म्हणजे गाडी हा त्यांचा पुरावा होता. ओळखीचा तोच रंग डोळ्यांनी जमवला, की लॉट बिघडवणारा दुसराच कोणी होता हे सिद्ध. त्यांचं सगळं त्या एका शेडवर टांगलेलं होतं.

मग मी तो उद्योग जवळून पाहिला. इंजिन त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडे दिलं, पण तो काम करत असताना स्वतः स्टूल टाकून समोर बसले, आणि प्रत्येक नटबोल्ट मोजून परत घेतला. पत्र्याचं काम मात्र घरी. जुना रंग खरवडला, गंज घासला, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, पाण्याचा घासकागद मारून मारून पत्रा गुळगुळीत केला. त्यावर तांबडा प्रायमर. धूळ बसू नये म्हणून ओट्याच्या तिन्ही बाजूंना साड्या बांधल्या. या साड्या मिलमधल्या, त्यांनीच कधीकाळी नापास केलेल्या. पडद्यांच्या आत, फरशीवर पाणी शिंपडून, तोंडाला रुमाल बांधून मास्तर स्प्रे गन घेऊन उभे असायचे. बाहेरून फक्त फुस्स फुस्स आवाज आणि थिनरचा वास यायचा.

पण गन हातात घेण्याआधी शेड पास व्हायला हवी. मिलचा एक रिवाज त्यांनी घरात आणला होता. मिलमध्ये शेड मंजूर झाली की कापडाचा तुकडा मधोमध फाडतात. अर्धा व्यापाऱ्याकडे, अर्धा मिलकडे. उद्या तक्रार आली की दोन्ही अर्धे जुळवून बघायचे. मास्तरांनी तेलाच्या डब्याचा पत्रा आणला होता. प्रत्येक वेळी जमवलेला रंग एका पट्टीवर लावायचे, सुकला की पट्टी कात्रीने मधोमध कापायचे, अर्धी स्वतःकडे ठेवायचे आणि अर्धी त्या दिवशी ज्याच्यावर जास्त संशय असेल त्याला द्यायचे. दोन्ही अर्ध्यांच्या मागे खिळ्याने तारीख आणि त्या माणसाची सही. माझ्याकडे अशा सात पट्ट्या जमल्या होत्या. जिजींना मात्र कधी दिली नाही. घरच्या बाईला काय द्यायची, असं त्यांचं मत असावं.

रंगाचा पहिला हात दिवाळीच्या आधी मारला. मी खाली उतरलो आणि जागीच थांबलो. पिस्ता म्हणावा असा तो रंग नव्हता. निळसर होता. मास्तर साडीचा पडदा बाजूला करून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा वाटस?"

"छान आहे," मी म्हणालो. नवा भाडेकरू. आणखी काय म्हणणार?

दोन दिवसांनी त्यांना स्वतःलाच तो पटेना. खरवडला. सीटखाली, जिथे हात पोचत नव्हता, तिथे मूळ रंगाचा रुपयाएवढा डाग शिल्लक होता. मी धीर करून म्हटलं, मास्तर, याच्याशी जुळवून बघा ना. त्यांनी त्या डागाकडे तुच्छतेने पाहिलं. "तो पिवया पडी गया शे. तेल, गरमी. मना डोकामां खरा रंग शे."

त्याच सुमारास एक गोष्ट घडली. मी गर्द निळा शर्ट घालून कामावर निघालो होतो. मास्तरांनी हटकलं, "काया शर्ट कसाले घाला आज?" मी खाली पाहिलं. काळा कुठे, शर्ट निळाच होता.  त्याच वर्षी गल्लीच्या टोकाला डोळे तपासणीचं शिबिर झालं होतं आणि तिथल्या डॉक्टरने मास्तरांना मोतीबिंदू सांगितला होता, त्याने सगळं पिवळट दिसतं असंही, हे मला माहीत होतं. मास्तरांचं त्यावर म्हणणं असं की त्या डॉक्टरला गिऱ्हाईक पाहिजे. मी बसच्या दिशेने चालू लागलो आणि कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या हाताची तयारी झाली. मास्तरांनी डब्यात रंग जमवून झाकण लावलं आणि त्यावर आपला एक पांढरा केस थुंकी लावून चिकटवला. कोणी डबा उघडला तर कळावं म्हणून. मग ते केस कापायला गेले. मी जिन्यावरून उतरत होतो. जिजी डब्याशी उकिडव्या बसल्या होत्या, हातात पिवळ्या रंगाची बाटली, आणि उलथन्याच्या दांड्याने रंग ढवळत होत्या.

मला पाहून त्या उठल्या नाहीत. ढवळतच म्हणाल्या, "सांगू नको भाऊ. त्यासना हात आते नियावर जड पडस. लोक हासतीन." निळा जास्त पडतो म्हणून पिवळा, असं सांगून पुढे म्हणाल्या, "इतला वरीस त्या गाडीवर मागे बसनू मी. रंग माले याद शे."

"मग त्यांना सांगा ना, जिजी."

"सांगसू तर त्यासले वाटी, हाईबी शेठकडनी."

 त्यांनी झाकण लावलं, जमिनीवर पडलेला केस शोधला, सापडला नाही, तेव्हा स्वतःच्या अंबाड्यातला एक पांढरा केस ओढून तिथे चिकटवला.

मास्तरांना केस जागेवरून सरकलेला पाहूनच कळलं. संध्याकाळी आम्हाला ओट्यावर बोलावलं. मी, शेजारचे काका आणि जिजी. त्यांनी पट्टीवर तो रंग लावून सुकवला होता. माझ्या डोळ्यांना तो स्वच्छ, सुरेख पिस्ता दिसत होता. मास्तरांनी पट्टी आमच्यापुढे नाचवली. "पिवया! कोणीतरी पिवया टाका. मिलमां बी हाईच कयं."

जिजी चहाचे कप गोळा करू लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण मी खाली पाहिलं आणि तेच माझ्या अंगाशी आलं. मास्तरांनी पट्टी कापली, मागे माझी सही घेतली आणि अर्धी माझ्या हातात ठेवली.

"तूच. माले पहिला दिनपासून माहीत व्हतं. शेठनी तुले आठे धाडा."

मी खोली सोडायची का विचारलं. ते म्हणाले, नको, चोर नजरेसमोर असलेला बरा. राग आला मला. खूप आला. रात्रपाळी असती तर बरं, निदान या माणसाचं तोंड दिसलं नसतं, असं वाटलं. पण जिजींनी त्या संध्याकाळी वर भाजी पाठवली आणि मी गप्प बसलो.

तो रंग फेकून जमवलेला नवा डबा यानंतर लोखंडी कपाटात गेला आणि किल्ली मास्तरांच्या करगोट्याला. जिजींचा मार्ग बंद झाला. शेवटचा हात सर्वस्वी मास्तरांच्या डोळ्यांचा. पडदे सोडले तेव्हा ओट्यावर लख्ख आसमानी स्कूटर उभी होती. आभाळाच्या रंगाची म्हणतात तशी. पिस्त्याचा मागमूस नाही.

मास्तर मात्र उजळले होते. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "आते देख. हाऊ तोच."

शेजारचे काका म्हणाले, झकास. समोरची वहिनी म्हणाली, एकदम नवी. दूधवाला गुजरातीत म्हणाला, "पहेलां जेवी ज, मास्तर." कोणी भीतीने म्हणालं, कोणी कंटाळून, कोणी त्या हसण्याकडे पाहून. मीही दूधवाल्यासारखंच म्हणालो, "अगदी पहिल्यासारखी." आणि मी तर ती पहिली कधी पाहिलीही नव्हती. जिजी तेवढ्या आत निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मिल चालू होती आणि मला सुट्टी. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, चल. मी का? तर साक्षीला. शेठ मान्य करेल तेव्हा शेठचा हेर तिथेच हजर पाहिजे. मी नाही म्हणू शकलो असतो. वाटेत कुठेतरी सांगता येईल असं मनाशी म्हणत मागे बसलो. डिंडोली सुटली, हायवे लागला, ट्रक लागले, रंगीत पाण्याच्या नाल्याचा वास लागला. मास्तर ताठ बसून गाडी चालवत होते आणि मी त्यांच्या पाठीमागे तोंड उघडून पुन्हा मिटत होतो.

गेटवर म्हातारा गुजराती वॉचमन होता. मास्तरांना पाहून तो धावत आला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. त्याला खरंच आनंद झाला होता. मग त्याची नजर गाडीवर गेली.

"अरे वाह मास्तर, नवुं स्कूटर लीधुं? पेलुं पिस्ता कलरनुं वेची नाख्युं?"

जुनी विकली का, एवढंच तो विचारत होता; बोलण्यात कपट नव्हतं, काही नव्हतं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो की आता बोट वर होईल, आता हा वॉचमनही शेठला फितूर ठरेल. बोट वर झालं नाही. ते म्हणाले, "हां, वेची नाख्युं," आणि तिथल्या तिथे गाडी वळवली. गेटच्या आत ते गेलेच नाहीत.

परतीच्या वाटेवर एका रसाच्या गाड्यापाशी त्यांनी स्कूटर थांबवली. रस मागवला नाही. स्टँडवर लावली, दोन पावलं मागे सरकले.

"खरं सांग. हाऊ कोनता रंग शे?"

हे दोन शब्द, खरं सांग, त्यांनी मला तोवर शंभर वेळा म्हटले असतील. दर वेळी मी चिडलो होतो. आज चिडायला काही उरलं नव्हतं.

"आसमानी, मास्तर."

"कवयपासून?"

"पहिल्या हातापासून निळाच येतोय."

"बठ्ठासले दखास?"

"सगळ्यांना दिसतो."

त्यांनी सीटवर हात ठेवला. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू बोलले. "म्हणजे मी वेडा नही. बठ्ठा खोटंच बोली राहिंतात."

मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. इतके दिवस आम्ही त्यांच्या संशयाला हसलो. आणि संशय बरोबर होता. अख्खी गल्ली त्यांना फसवत होती, मी धरून. थोड्या वेळाने ते म्हणाले, "घरनी कधी झकास बोलनी नही." मी म्हणालो, नाही, जिजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी किक मारली.

महिन्याभरात त्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दवाखान्यात लेन्सच्या पाकिटावरचा नंबर दोनदा वाचून घेतला म्हणे. पट्टी निघाल्यावर घरी आले ते थेट ओट्यावर. एका तळहाताने एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. मी जिन्यात उभा होतो.

"हाऊ सांगस पिस्ता. हाऊ सांगस आसमानी," ते म्हणाले. "दोन्हीमां एक खोटा शे. अन् तो मनाकडे तीस वरीस नोकरीले व्हता."

मग त्यांनी सगळ्या पट्ट्या फरशीवर मांडल्या आणि डावा डोळा उघडा ठेवून एकेक उन्हात धरली. एका पट्टीवर थांबले. सीटखालच्या डागाशी नेऊन लावली. जुळली. उलटी केली. मागे माझी सही.

मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी डबा आणि पिवळी बाटली माझ्यापुढे सरकवली. "त्या दिनले टाकं व्हतं तसं टाक. माले देखनं शे."

मला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी बाटली उचलली. जिजींचं नाव सांगायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. बाटली तिरपी केली, धार लागली.

"बस, बस! इतलं नही!"

जिजी दारात होत्या. हात पिठाने भरलेले. स्वतःच्या तोंडावर हात नेला आणि तोंडही पिठाचं झालं. मास्तर वळले. बराच वेळ ते बायकोकडे बघत राहिले, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग उजव्यावर तळहात धरून. मग मला म्हणाले, तुझ्याकडचा अर्धा आण.

मी वरून माझ्या सहीचा तो अर्धा तुकडा आणला. तो त्यांनी जिजींच्या पिठाच्या हातात ठेवला. "तू सांभाळ," म्हणाले. "मी परत चुकनू तर दखाड." जिजींनी तो पदराला पुसला आणि आत देवाजवळ नेऊन ठेवला.

गाडी जिजींच्या देखरेखीखाली पुन्हा रंगली. पिस्ताच. मास्तर ती घेऊन शेठकडे कधीच गेले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, लॉट मीच, माझ्या डोळ्यांनी बिघडवला होता, आता काय दाखवायचं? 

पुढे माझी बदली झाली. निघताना पाया पडलो, तर त्यांनी खिशातून एक पट्टी काढली, आसमानी. माझ्यासमोर कात्रीने कापली. मागे माझी सही घेतली. माझा अर्धा माझ्या हातात.

"हाई काय?" मी विचारलं.

"तुना खोटाना सॅम्पल. मंजूर शे."

दोन वर्षं होऊन गेली. परवा त्यांचा फोन आला. तब्येत, नोकरी, काही विचारलं नाही. "तो तुकडा शे का? रंग तसाच शे?"

मी तो ड्रॉवरमधून काढला. तसाच आहे, हे शब्द जिभेवर आले होते. माणूस लांब आहे, वय झालंय, बरं वाटेल. मी खिडकीशी गेलो, उन्हात धरला. कडेला गंज चढला होता.

"फिका पडलाय, मास्तर."



"मनाबी पडना," ते म्हणाले आणि फोन ठेवला.